चौथा कॉन्टॅक्ट

"वहिनी, तुम्ही खाली राहल्या म्हणून जमलं पाहा. वर गेल्या असत्या तं चौथा कॉन्टॅक्ट बादच होता," अश्विन म्हणाला आणि तर्रीसाठी त्याने पोह्यांची प्लेट पुढे केली. प्रेमिलाने पळीभर तर्री वाढली. चणे नेमके पोह्यांवर पडले, थेंबही बाहेर सांडला नाही. मग नुसतं विचारायचं म्हणून, कचेरीत ती दिवसभर कुणालाही विचारते तसं, तिने विचारलं, "काहून?" अश्विनच्या तोंडात घास होता. त्याने आधी हात हलवला, घास गिळला आणि शिकवणी घेतल्यासारखा सांगायला लागला. "नियमच हाय ना तसा. माथ्यावर दोघं जवळ बसून बोलले तं ते धरत नाही. समोरचा माणूस माथ्यापासून चांगला खाली पाहिजे. असे चार वेगवेगळे लोक झाले तेव्हा तो डोंगर आपल्या नावावर. धम्मानंदभाऊनं मले जानेवारीतच सांगून ठेवलं होतं, तीन कोणी ना कोणी भेटतीनच, चौथा मी घरचाच ठेवतो म्हणे. डोकं पाहा ना माणसाचं." त्याच्या बोलण्यात निव्वळ कौतुक होतं, म्हणून त्याच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती. प्रेमिला "हो का" म्हणाली, आणखी कुणाला तर्री हवी का ते विचारलं आणि भांडं घेऊन आत गेली.

प्रताप नगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रविवारी संध्याकाळी सात-आठ पुरुष जमले होते आणि सगळ्यांना एकच वेड होतं. स्वतःचा रेडिओ-सेट, सरकारचा परवाना, गच्चीवर ताणलेली तार, आणि जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही अनोळखी माणसाला हाक मारून एवढंच विचारायचं की माझा आवाज तुला कसा येतोय. तो सांगणार, छान येतोय. मग आपण सांगायचं, तुझाही छान येतोय. संपलं. बायकोला वर्षानुवर्षं जे विचारलं नाही ते पोलंडमधल्या माणसाला रोज विचारायचं, याला हे लोक छंद म्हणत. त्यातही प्रेमिलाच्या नवऱ्याला, धम्मानंदला, गेल्या काही वर्षांत डोंगरांचं लागलं होतं. सेट पाठीवर घेऊन माथ्यावर चढायचं आणि तिथून हाका मारायच्या. जगभरच्या डोंगरांची म्हणे कुठेतरी नोंद असते, आणि नियमाप्रमाणे चार जणांशी बोलणं झालं की त्या डोंगरापुढे आपलं नाव लागतं. मे महिन्यात धम्मानंदने ऑस्ट्रियातला एक डोंगर आपल्या नावावर केला होता आणि आज तो मित्रांना त्याचे फोटो टीव्हीवर दाखवणार होता. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माणूस. फोटो दाखवतानाही हातात छडी घेतल्यासारखा उभा राहायचा. प्रेमिलाने सकाळपासून चणे भिजवून, मसाला वाटून तर्री केली होती, आणि खरं सांगायचं तर हौसेने केली होती.

तिने गॅस बारीक केला. दुखलं असं लगेच काही वाटलं नाही. कानात फक्त दडा बसल्यासारखं झालं, विमान उतरताना बसतो तसा, आणि बाहेरचं हसणं लांब गेलं. वीज कार्यालयाच्या तक्रार-खिडकीमागे तिची पंधरा वर्षं गेली होती. माणूस खिडकीशी येऊन पहिलं वाक्य बोलला की तिला कळायचं, हा खरंच तक्रार करायला आलाय की आधीच माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आलाय. दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त त्रास देतात. त्यांना मीटर बरोबर आहे म्हटलं तरी पटत नाही, चूक आहे म्हटलं तरी ती जात नाहीत. ओट्याला टेकून उभी असताना प्रेमिलाच्या लक्षात आलं की आत्ता आपण तसे झालो आहोत. अश्विनने सांगितलेलं तिला नवं वाटायला हवं होतं, आणि ते नवं वाटत नव्हतं. एवढाच तुकडा सापडत नव्हता म्हणून मे महिन्यातली तिघांची ती सगळी सहल आजवर थोडी हलत होती, आता पक्की बसली.

गुडघा. सहलीच्या पहिल्या दिवसापासून तिच्या डाव्या गुडघ्याचा काय थाट होता. रितिकाला, तिच्या बारावी झालेल्या लेकीला, पॅरिस बघायचं होतं. धम्मानंद म्हणाला, पॅरिसात पायपीट फार, मम्मीच्या गुडघ्याले झेपणार नाही. मग कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत नसलेलं तळ्याकाठचं एक गाव निघालं. तिथे काय आहे असं रितिकाने विचारलं तेव्हा शांतता आहे म्हणाला. खोली तळमजल्यावरची घेतली, गुडघ्यासाठी. डोंगरावर जायला रोपवे होता, तोही गुडघ्यासाठीच असावा अशा थाटात त्याने तो दाखवला. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिच्या कुठल्याही अवयवाची त्याने इतकी आस्थेने चौकशी केली नव्हती. बाळंतपणात नाही, पित्ताशयाच्या ऑपरेशनातही नाही. प्रेमिला हुरळली, हेच खरं. शेजारच्या वंदनाला तिने जाण्याआधी सांगितलंही होतं, "या खेपेले माह्या पायाकडं पाहून सगळं ठरवलं वं यायनं." वंदनाने डोळे मोठे केले होते, आणि ते मोठे डोळे प्रेमिलाने कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरले.

परवान्याचंही तसंच. परदेशात सेट चालवायचा तर तिथल्या सरकारचा पाहुण्यांसाठीचा परवाना लागतो, हे तिला माहीत होतं. धम्मानंदने दोघांसाठी अर्ज केले. मी कुठं बोलते, मले काहून, असं ती म्हणाली होती, तर तो म्हणाला, "असू दे. तू पण लायसनवाली हायस, विसरली का?" ती विसरली नव्हती, तो विसरला असेल असं तिला वाटत होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यानेच तिला परीक्षेला बसवलं होतं. तो तेव्हा पारशिवनीला नोकरीला होता, भाड्याची एक खोली, आणि पोळ्या लाटता लाटता ती अक्षरांची ती विलायती नावं पाठ करायची, अल्फा, ब्राव्हो, चार्ली. त्याच्याबरोबर परीक्षेला बसलेला त्याचा एक सहकारी नापास झाला आणि ती पहिल्या फटक्यात पास. त्याने रेडिओ-क्लबात पेढे वाटले. बायको पास झाली म्हणून पेढे वाटणारा नवरा तिच्या माहेरी कुणी पाहिला नव्हता. आई म्हणाली होती, शिकवणारा मिळाला, नशीब काढलंस पोरी. त्याच हिवाळ्यात ते रामटेकला गेले होते, देवळाच्या मागच्या अंगाला त्याने तार बांधली, आणि तारेचं दुसरं टोक बांधायला झाड नव्हतं म्हणून ते हातात धरून ती उभी राहिली. माकडांनी त्यांचा डबा नेला. खाली भाताच्या खाचरांतलं पाणी सुकत आलेलं, तिचा हात भरून आला होता, तो डोळे मिटून कानावर हेडफोन दाबत होता आणि मध्येच डोळे उघडून तिच्याकडे बघून हसत होता. तेव्हा ती वर होती. डोंगराच्या माथ्यावर, त्याच्यापासून तारेच्या लांबीवर. त्या वेळी हा नियम नसेल किंवा असला तरी त्याला त्याची पर्वा नसेल. पुढे रितिका झाली, बदली झाली, तिची नोकरी लागली, आणि रेडिओची खोली हळूहळू आतून कडी लागणारी खोली झाली.

बाहेर टीव्हीची वायर सापडत नव्हती. "प्रेमिला, ती काळी वायर कुठी ठेवली वं?" धम्मानंदने हाक मारली. "शोकेसच्या खालच्या खणात," तिने ओरडून सांगितलं. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं. निघताना सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हाही असाच नेहमीसारखा आवाज काढून ती "ठीक हाय" म्हणाली होती. मासे धरायच्या गळकाठीसारखा उघडमीट होणारा अँटेनाचा लांबलचक दांडा, तारांची वेटोळी, बॅटरी, हे सगळं गेलं. तिचा ठेचा, तिची लसणाची चटणी आणि दुसरी शाल राहिली. दहा दिवस ती पाव आणि चीज खात होती. रितिका तोंड फुगवून मोबाइलमध्ये बसायची आणि धम्मानंद सकाळी उठला की खिडकीतून ढग बघायचा. तिला वाटायचं निसर्ग बघतोय. घरमालकिणीला त्यांनी नागपूरहून नेलेली संत्रा बर्फी दिली तर तिने ती ब्रेडवर ठेवून खाल्ली. त्या सहलीत त्या दिवशी तेवढं ते तिघं एकत्र हसले होते.

आणि मग तो दिवस. प्रेमिलाला तो आठवायचा नव्हता, कारण आतापर्यंत हजारदा आठवून तिने तो गुळगुळीत करून ठेवला होता आणि आता त्याला हात लावला तर काय निघेल सांगता येत नव्हतं. पण आठवणं थांबत नाही. रोपवेच्या मधल्या स्टेशनावर एक कॉफीची जागा होती, लाकडी बाकं, लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ. धम्मानंदने तिला खिडकीशी बसवलं, स्वतः जाऊन मलईची कॉफी आणून दिली आणि म्हणाला, "तू इथंच बस. वरून पुढं चालत जा लागते, दगडं हायेत. तुह्या गुडघ्याले त्रास नको. रितिका येते माह्यासंग." मग खांद्यावरच्या पिशवीतून हातात मावेल असा छोटा सेट काढून त्याने तिच्यासमोर ठेवला. "हे चालू ठेव. वर गेलो का आवाज देतो. तुले करमणार नाही ना एकटीले." एकटीले करमणार नाही, हे त्याचे शब्द. ते कॉफीच्या कपाशेजारी तिने तेव्हाच उचलून ठेवले होते.

ती किती वेळ बसली होती कोण जाणे. ढग आले, खिडकीबाहेरचं तळं गेलं, शेजारच्या टेबलावरचे म्हातारा-म्हातारी एकमेकांना काही न बोलता सूप पीत होते. एक अनोळखी देश, त्याच्या पोटात एक डोंगर, त्या डोंगराच्या कमरेवर नागपूरच्या वीज कार्यालयातली एक बाई स्वेटरवर साडीचा पदर घेऊन बसलेली. तिला भीती वाटली नाही. आपल्याला कुणीतरी वरून आवाज देणार आहे ही गोष्ट एवढी मोठी होती की बाकी कशाला जागाच नव्हती. मग सेट खरखरला आणि त्याचा आवाज आला. आधी सगळं रीतीप्रमाणे, त्याचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं नाव, मग तिचं कॉलसाइन, विलायती अक्षरांत. तिलाही तिचं आठवलं, एक अक्षर चुकलं नाही, म्हातारा-म्हातारी वळून बघायला लागले. माझा आवाज कसा येतोय, त्याने विचारलं. छान येतोय, तिने सांगितलं, आकड्यांत सांगायचं असतं तसं सांगितलं. आणि नंतर, सगळं रीतीचं बोलून झाल्यावर, तो जरा थांबला. वारा ऐकू आला. मग म्हणाला, "तू इथं पाहिजे होती वं, प्रेमिला."

बास, एवढंच. खाली आल्यावर तो त्याबद्दल काही बोलला नाही. भिजला होता, खूश होता, रितिकाच्या डोक्यावर टपल्या मारत होता. प्रेमिलानेही विषय काढला नाही. असली वाक्यं परत बोलून दाखवली की फाटतात असं तिला वाटलं. पण त्या वाक्यावर तिने जून काढला, जुलै काढला, आणि हा दमट, कूलर लावला तर अंग चिकट होणारा ऑगस्टही ती काढत होती. खिडकीवर कुणी बिलासाठी आईवरून शिव्या दिल्या तरी ती शांत बसायची. शेजारच्या टेबलावरचा कारकून एकदा म्हणाला, मॅडम, विदेशात जाऊन आल्यापासून तुम्ही कायले चिडतच नाही. ती हसली होती. त्याला तो विदेशाचा परिणाम वाटत होता आणि तिने वाटू दिलं. आता ओट्यापाशी उभी राहून तिने ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. तू इथं पाहिजे होती. आणि ती तिथं असती तर? तर बाद. तर डोंगर गेला. ती तिथं नसणं हीच त्याची सोय होती, आणि त्याच सोयीच्या तोंडाने त्याने तिला सांगितलं की तू इथं पाहिजे होती. तिला संताप आला. उशिरा आला पण पुरा आला, पायांच्या तळव्यांपासून चढत आला. खोटं बोलला असता तर चाललं असतं. खोटं बोलायला समोरचा माणूस लक्षात तरी घ्यावा लागतो.

रितिका पाण्याचा जग भरायला आत आली. त्या दिवशी ती वर होती. प्रेमिलाला एकदम आठवलं, की तिथं एक साक्षीदार होता, आणि तो गेले तीन महिने याच घरात नूडल्स खात होता. "रितिका, तुले माहीत होतं का, मी खाली राहली पाहिजे म्हणून?" रितिकाने नळ बंद केला. "कशाचं? कॉन्टॅक्टचं का? हो ना. पप्पांनी मले रोपवेमधीच सांगितलं. मले वाटलं तुले माहीत असन." "नव्हतं." "मग त्यात काय मम्मी? तुहा गुडघा पण दुखतच होता ना." प्रेमिलाने पुढचं विचारायचं नाही असं ठरवलं आणि विचारलं. "मले ते शेवटी म्हणाले ना, का तू इथं पाहिजे होती म्हणून, तेव्हा कसे होते ते? म्हणजे काय करून राहिले होते?" लेकीला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. ती आठवू लागली, आणि ती खरोखर आठवतेय हे बघून प्रेमिलाला तिला थांबवावंसं वाटलं. "काही नाही, वायर गुंडाळून राहिले होते. पाऊस येऊन राहिला होता ना. अन् ते तं पप्पा सगळ्यांलेच म्हणतात. त्या जर्मनलेही म्हणाले, यू शुड बी हिअर, सर. त्या इटलीवालीलेही. डोंगरावरून असंच बोलतात म्हणे." जग भरला होता. रितिका तो घेऊन गेली, जाताना तिने आईच्या गालाला ओला हात लावला, उगीच, लाडाने.

बाहेरून टाळ्या ऐकू आल्या. फोटो सुरू झाले होते. प्रेमिलाने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि दारात जाऊन उभी राहिली. टीव्हीवर ढगांत उभा असलेला धम्मानंद, हातात तो दांडा, पाठीमागे काही नाही. मग तीन फोटो, तीन अनोळखी नावं, तीन देश, आणि प्रत्येकाशी कसं बोलणं झालं त्याची हकिगत. "अन् मग बँडच गेला. कोणाचाच आवाज नाही. पाऊस जवळ आला. तीनवर अडकलो. दुसरा कोणी असता तं वहीत एक नाव असंच टाकून दिलं असतं, कोण पाहायले येते? पण आपल्या छंदात ते चालत नाही. समोरच्यानं ऐकलं तरच ते धरायचं. त्यानं म्हटलं ऐकू नाही आलं, तं आपण खोडायचं, वाद घालायचा नाही." हे तो नेहमी सांगायचा. पॉलिटेक्निकात पोरांना सांगायचा, नातेवाइकांना लग्नात सांगायचा. प्रेमिलाला हे वाक्य इतकं पाठ होतं की आज ते तिने पहिल्यांदा ऐकलं. मग पुढचा फोटो आला. लाल चौकड्यांचा टेबलक्लॉथ, कॉफीचा कप, तो छोटा सेट आणि ती. हा फोटो त्याने वर जाण्याआधी काढला होता, आणि फोटोतली बाई कॅमेऱ्याकडे बघून अशी हसत होती की प्रेमिलाला तिच्याकडे बघवेना. "आणि हे आपले चौथे कॉन्टॅक्ट," धम्मानंद म्हणाला. सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं, टाळ्या वाजल्या, आणि अश्विन म्हणाला, "वहिनी, दोन शब्द तं बोलाच."

बोलायचं काही ठरवलं नव्हतं. टाळ्या थांबेपर्यंत ती उभी राहिली, खिडकीवर गर्दी शांत होईपर्यंत राहते तशी, आणि म्हणाली, "मले आयकू नव्हतं आलं." अश्विन अर्धवट हसला. पुढे काही विनोद येईल असं त्याला वाटलं. "नुसती खरखर होती. यायनं घरून शिकवून ठेवलं होतं का छान येऊन राहिला म्हणायचं, तं मी म्हटलं. काही आयकू नव्हतं आलं मले." हे धडधडीत खोटं होतं. तेवीस वर्षांत त्याचा आवाज तिला इतका स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता. धम्मानंद तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की हे खोटं आहे हे त्यालाही माहीत आहे. क्लबातली माणसं होती ती, दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य गंमत म्हणून विरून गेलं असतं, पण या लोकांना तो डोंगर टेबलावरून खाली पडलेला दिसत होता.

त्याने फक्त सांगायचं होतं. खोटं नको बोलू, तुले आयकू आलं होतं, मी म्हटलं तू इथं पाहिजे होती अन् तू म्हणाली होती, हो. कारण तीही बोलली होती. म्हातारा-म्हातारीच्या देखत बटण दाबून ती "हो" म्हणाली होती, दुसरं काही सुचलं नव्हतं. हे सगळं या सात-आठ माणसांसमोर त्याने एकदा म्हणावं, हट्टाने म्हणावं, लाजत म्हणावं, तिला खोटं पाडून आपला डोंगर वाचवण्यासाठी का होईना पण म्हणावं. मग जर्मनला काय म्हणाला आणि इटलीवालीला काय म्हणाला ते तिने सोडून दिलं असतं. ती दाराच्या चौकटीला धरून वाट बघत होती, आणि इतक्या उघडपणे वाट बघत होती की तिला स्वतःची चीड आली. धम्मानंदने ओठ हलवले. मग त्याने रिमोट खाली ठेवला, खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला आणि मित्रांकडे वळून म्हणाला, "बरोबर हाय. तिनं नाही आयकलं म्हटलं तं नाही आयकलं. खोडतो मी."

कुणीतरी "वा भाऊ" म्हणालं. त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक सुरू झालं. अश्विन तर उभा राहिला, म्हणाला याले म्हणतात ऑपरेटर, हातचा डोंगर सोडला माणसानं. धम्मानंदचा पडलेला चेहरा त्या कौतुकाने हळूहळू वर आला, प्रेमिला बघत होती. त्याला दुःख झालं होतं, नाही असं नाही. पण ते डोंगराचं होतं, आणि त्यावर मार्ग होता. तिला जे हवं होतं ते त्याने खोडलं आणि त्याबद्दल शाबासकी घेतली. "काही बिघडत नाही," तो आता थेट तिच्याशी बोलत होता, समजुतीच्या सुरात, तिच्या हातून चूक झाली आणि त्याने ती पोटात घातली अशा सुरात. "चूक माहीच होती. तुह्याजवळचा सेट बारका होता. पुढच्या मे महिन्यात परत जाऊ. रितिका आली तं आली, नाही तं आपण दोघं. या खेपेले खाली तुह्याजवळ चांगला सेट ठेवतो, बाहेर अँटेना पण लावून देतो. तुले तरास होणार नाही, तू फक्त बसून राहाजो." मित्रांनी माना हलवल्या. कुणीतरी कुठला अँटेना लावावा ते सांगायला लागलं.

"मी वर येणार," प्रेमिला म्हणाली.

या खोलीत तिच्या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. "मी येणार वर. गुडघा दुखला तं दुखला. बसत बसत येईन. तुमच्याजवळ बसीन तिथं, वायर धरा लागली तं वायर धरीन." तिचा आवाज चढला नव्हता, पण रितिका हातातला जग तसाच धरून उभी राहिली होती. अश्विनने प्लेटमध्ये बघितलं. बाकीचे मात्र धम्मानंदकडे बघत होते, आणि प्रेमिलाही त्याच्याकडेच बघत होती. तो गोंधळला होता. कपाळावर आठी घालून तो मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता, वर कोण, खाली कोण, आणि ते जुळत नव्हतं.

"मग खाली कोण राहीन?" त्याने विचारलं. त्यात चेष्टा नव्हती आणि रागही नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.